साडेबाराचा कोंबडा

तळमजल्यावरच्या सुचित्रा करंबेळकर रागीट आहेत, असं कोपरखैरण्याच्या त्या सोसायटीत कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. फ्रेंचच्या शिकवण्या घेणारी बाई. पोरांनी क्रियापदांची कितीही वाट लावली तरी हिचा आवाज चढायचा नाही. पाणी आलं नाही म्हणून अख्खी सोसायटी सेक्रेटरीच्या दारात जमली, तेव्हाही ही आपली सगळ्यांच्या मागे, हातात रिकामी बादली घेऊन गप्प. पण बाई रागीट होती. कधीपासून तेही सांगता येतं. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यापासून. आणि राग कशाचा, तर कढी-खिचडीचा.

हसा खुशाल. तिचा नवरा मधुकरही हसला होता, आणि पुढे त्याला ते चांगलंच महागात पडलं.

सुचित्रा मूळची गिरगावातली. कॉलेजात तिने फ्रेंच घेतलं ते काही आवडीने नव्हे. संस्कृतचा तास सकाळी सातला असायचा आणि सकाळचं पाणी भरायची पाळी घरात तिची होती. फ्रेंच दुपारी होतं, म्हणून फ्रेंच. पण एकदा घेतल्यावर ती भाषा तिला अशी लागली की लग्न होऊन, खाडी ओलांडून, सिडकोच्या नव्या कोऱ्या फ्लॅटमध्ये आली तरी सुटली नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने शिकवण्या सुरू केल्या. पोरं भरपूर यायची, कारण दहावीला फ्रेंचमध्ये मार्क पडतात. भाषेचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. एक आई तर विचारायची, "बाई, बोलायला नाही आलं तरी चालेल, पण नव्वदच्या वर जाईल ना?"

तिच्या शिकवणीच्या पुस्तकात एक धडा होता. भाऊ-बहीण स्ट्रासबर्ग नावाच्या जुन्या गावी मामाकडे जातात. लाकडी पट्ट्यापट्ट्यांची घरं कालव्याकाठी उभी, छपरांवर करकोच्यांची घरटी, आणि मधोमध तांबूस दगडाचं प्रचंड चर्च. मनोरा एकच, दुसरा कधी बांधलाच नाही. त्या चर्चच्या आत पाच मजली उंचीचं एक घड्याळ आहे. ग्रह-तारे दाखवणारं. रोज दुपारी साडेबाराला त्यातून येशूचे बारा शिष्य एकामागून एक बाहेर येतात, येशूपुढून जातात, आणि वर बसलेला कोंबडा मधूनमधून पंख फडफडवून तीनदा आरवतो. दिवसातून एकदाच. ते बघून धड्यातली मुलगी आ वासून उभी राहते, आणि धडा संपतो.

हा धडा सुचित्राने किती वर्षं शिकवला त्याची मोजदाद नाही. दरवर्षी एखादं पोर विचारायचं, "बाई, तुम्ही पाहिलंय?" आणि ती म्हणायची, "जाणारेय." मधुकर बाहेरच्या खोलीत पेपर वाचता वाचता हे ऐकायचा आणि म्हणायचा, "जाऊ की! त्यात काय!" तो बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात पर्चेस ऑफिसर. मनाने वाईट नाही, उलट चार लोकांत मिसळणारा, सोसायटीच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. फक्त एक खोड. दुसऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत याला ते कळलेलं असायचं.

अखेर सई, त्यांची मुलगी, लग्न होऊन नांदायला गेली आणि सुचित्राच्या शिकवण्यांच्या शिलकीवर दोघांची युरोपची ट्रिप ठरली. टूर कंपन्या बऱ्याच होत्या. पत्रकंही सगळ्यांची सारखीच गुळगुळीत. सुचित्राने त्यातली एकच निवडली, कारण पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाताना ती बस अर्धा दिवस स्ट्रासबर्गला थांबत होती. पत्रकात तेवढी एकच ओळ होती, आणि मधुकरच्या ती लक्षातही आली नव्हती.

टूरबरोबर स्वयंपाकाला महाराज होता. मराठी माणूस आयफेल टॉवरसमोर उभा राहील, पण पोटात वरण-भात गेल्याशिवाय त्याला तो उंच वाटणार नाही. तर बस स्ट्रासबर्गला पोचली. प्रसाद नावाचा चुणचुणीत टूर मॅनेजर पिवळी छत्री उंच धरून पुढे आणि मागे सगळी मंडळी. मधुकरने चर्चकडे मान वर करून पाहिलं. "एकच मनोरा? कंत्राटदार पळाला वाटतं!" सगळे हसले. सुचित्राला ते ऐकूच आलं नाही. पुस्तकातलं काळं-पांढरं चित्र समोर तांबूस झालं होतं, आणि तिला चक्क रडू येत होतं.

तिने घड्याळाची दोन तिकिटं काढली. दोघं आत जाऊन गर्दीत उभी राहिली. थोड्या वेळाने मधुकर म्हणाला, "जरा जेवणाचं बघून येतो," आणि गेला. बाराचे सव्वाबारा झाले. लोक टाचा उंचावू लागले. सुचित्राच्या पुढे एक बुटकी म्हातारी होती, तिच्या डोक्यावरून घड्याळ आख्खं दिसत होतं. अगदी कोंबड्याच्या शेपटीसकट.

आणि बाजूच्या दारातून हाक आली, "सुचित्रा! चल, जेवण गार होतंय!"

तिने मान हलवून नाही म्हटलं. मधुकर लोकांना सारत आत आला आणि त्याने तिचा कोपर धरला. "अगं सगळे थांबलेत. ड्रायव्हरला निघायचंय. महाराजाने कढी-खिचडी केलीय गरमागरम."

"अहो, पंधराच मिनिटं."

"घड्याळच तर आहे! घरी काय कमी घड्याळं आहेत?"

आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. कुणीतरी शुक् केलं. सुचित्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ती गेली. हे लक्षात ठेवा. तिला कुणी फरफटत नेलं नाही. ती स्वतःच्या पायांनी गेली, आणि तेच तिला पुढे खात राहिलं. ती बसजवळ, नदीकाठी, हातात कागदी ताटली घेऊन उभी राहिली. तिकडे साडेबारा वाजले. कोंबडा आरवला असणार. इथवर काही आलं नाही. आणि त्यानंतर बस पाऊण तास जागची हलली नाही, कारण नाशिकचं एक जोडपं सुनेसाठी अत्तर घ्यायला गेलं होतं ते आलंच नव्हतं. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला होता. तिला पळत जाऊन परत बघता आलं नसतं. ते घड्याळ त्या दिवसापुरतं आटपलं होतं.

परत आल्यावर मधुकरने चॉकलेटं वाटली, अल्बम दाखवला. घरोघरी तेच. "आणि हे स्ट्रासबर्ग! इथलं घड्याळ म्हणजे काय सांगू! बारा जण येतात, कोंबडा आरवतो, आहाहा, काय ती कारागिरी!" हे सगळं सुचित्रा स्ट्रासबर्गच्या आदल्या दिवशी बसमध्ये शेजारणीला सांगत होती, ते याने मागच्या सीटवरून ऐकलेलं. लोक माना डोलवायचे. सुचित्रा आत चहा गाळत असायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण बाहेर येताना चेहरा तोच, हातात ट्रे. वर्षानुवर्षांची सवय, दुसरं काय.

गणपती जवळ आले. मंडळाची मीटिंग करंबेळकरांच्याच हॉलमध्ये भरली. आदल्या वर्षी पलीकडच्या सेक्टरने हलता देखावा करून इथल्या मंडळाचं नाक कापलं होतं, आणि तो सल सगळ्यांना होता. मधुकर उठला आणि म्हणाला, "यंदा आपण स्ट्रासबर्गचं घड्याळ करायचं! आख्खी नवी मुंबई बघायला येईल."

सेक्रेटरी अरविंद जरा चाचरला. "काका, गणपतीपुढे चर्च?"

"चर्च कुठे? घड्याळ! येशूच्या जागी बाप्पा. आणि बारा शिष्यांच्या जागी..." मधुकर क्षणभर अडला, मग टाळी वाजवून म्हणाला, "बारा बलुतेदार! सुतार, लोहार, कुंभार, एकेक येतो, बाप्पापुढून जातो. वर कोंबडा!"

हॉल दणाणला. आत पोहे परतणाऱ्या सुचित्रालासुद्धा हसू फुटलं. कल्पना खरोखर झकास होती, आणि त्यामुळे तिचा राग आणखीच वाढला. तिचं घड्याळ हा माणूस न बघता घरी घेऊन आला होता आणि आता त्याची वरातही काढणार होता.

काम बोनकोड्याच्या भगवानला दिलं. भगवान हलत्या देखाव्यांचा कारागीर. भंगारातल्या वायपरच्या मोटरी, सायकलची चाकं आणि थर्माकोल यांतून तो वाट्टेल ते हलवून दाखवायचा. मंडपाच्या मागे बटणांचा बोर्ड लावून स्वतः बसायचा. कॅसेटवर निवेदन चालायचं आणि त्यातल्या ठरलेल्या वाक्याला ठरलेलं बटण दाबायचा. म्हणून आधी त्याला कॅसेट लागायची. वाक्यं पाठ झाली की मग तो मोटरी जोडायचा.

एका संध्याकाळी तो घरी आला, चहा घेतला आणि अल्बममधल्या चर्चच्या बाहेरच्या फोटोकडे बघत म्हणाला, "बाई, मना एक सांगा. यो बारा जन नुसतं सरल जातान, का देवापुढं आलं का वलतान? वलाचं असंल तं येकेकाला येगली मोटर लागंल."

सुचित्राने तोंड उघडलं. पुस्तकात लिहिलं होतं, येशूपुढून जातात. वळतात? थांबतात? मान लववतात? तिला माहीत नव्हतं. उभ्या जन्मात एका गोष्टीवर तिने इतकी पोरं पास केली, आणि तिला माहीत नव्हतं.

"सरळ जातात," मधुकर म्हणाला. "डावीकडून उजवीकडे. मी बघत होतो ना."

भगवानने मान डोलावली आणि तो गेला. दार बंद झालं. सुचित्राने कपबश्या उचलल्या नाहीत.

"तुम्ही कुठे बघत होतात?" ती म्हणाली.

"काय?"

"बारा जण सरळ जातात ते. कुठे उभं राहून बघितलंत?"

मधुकर हसला. हे ते हसणं. "अगं, वळले काय नि सरळ गेले काय, कोपरखैरण्यात कुणाला कळणारेय?"

"मला!" ती ओरडली. इतक्या मोठ्याने की वरच्या मजल्यावरचा टीव्ही कुणीतरी बारीक केला. "मला कळायला हवं होतं! मी समोर उभी होते. कोंबड्याची शेपटी दिसत होती मला. आणि तुम्ही मला खिचडी खायला नेलंत!"

मधुकर चाटच पडला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने हा आवाज ऐकला. "म्हणजे तू तेव्हापासून... अगं, गार खाल्लं की तुला पित्त होतं. तुझी ताटली मी वेगळी काढून ठेवली होती, मिरची नसलेली. मी काय माझ्यासाठी बोलावलं?"

आणि संतापाची गोष्ट ही, की ते खरं होतं. ताटली खरंच वेगळी होती. वर झाकण म्हणून त्याने आपला रुमाल घातला होता. नवरा दुष्ट असता तर बाईला रडून मोकळं होता आलं असतं. हा तिच्या पित्ताची काळजी करत होता. अशा माणसावर चिडायचं तर जगासमोर आपणच कजाग ठरतो.

"मला गार चालेल का, ते विचारलंत तुम्ही?" ती म्हणाली.

त्याने विषय बदलला, आणि बदलून बदलून कुठला काढला, तर निवेदनाचा. फुलस्केपवर त्याने मजकूर लिहूनच ठेवला होता. निवेदनाचा आवाज सुचित्राचा, हेही त्याने मंडळात सांगून टाकलं होतं. पहिलंच वाक्य होतं, "मी व माझे पती यांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेले हे अद्भुत घड्याळ..."

"हे वाक्य मी म्हणणार नाही," सुचित्रा म्हणाली.

"एका वाक्याने काय बिघडतं?"

"मी पाहिलेलं नाही. तुम्हीही नाही."

"अगं, असं कसं सांगायचं? लोक म्हणतील, पाहिलं नाही तर गेलात कशाला?"

"बरोबर आहे. मलाही तेच विचारायचंय."

मधुकर उठून गॅलरीत गेला. दोन दिवस घरात फक्त भांडी वाजली. तिसऱ्या दिवशी त्याने जरा नरमून विचारलं, "ते निवेदनाचं... भगवान खोळंबलाय."

"करते," सुचित्रा म्हणाली. "माझं मी बोलते आणि भगवानकडे देते."

त्याला तेवढं पुरलं. बायको ताळ्यावर आली असं समजून तो वर्गणीच्या मागे लागला. कॅसेट ऐकायची त्याला गरज वाटली नाही. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला ते कळलेलं होतं.

दुपारी पोरं गेल्यावर सुचित्राने शिकवणीचा टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, खिडकी लावली आणि एका दमात बोलून टाकलं. फुलस्केप बाजूलाच होतं, घडीसुद्धा न मोडता. संध्याकाळी भगवान आला. त्याने तिथेच उभ्याउभ्या कॅसेट ऐकली, शेवटपर्यंत. मग खाली बघून कान खाजवला.

"बाई, ह्यो असाच ठेवाचा?"

"असाच. आणि भगवान, ते वळतात की नाही ते मला ठाऊक नाही. साहेबांनाही नाही."

"मंग मी वलवतू," भगवान म्हणाला. "देवापुढून कोन सरल जाईल?"

गणेशचतुर्थीच्या संध्याकाळी मंडप फुलून गेला. एपीएमसीतल्या एका गाळेवाल्याने फुलं पाठवली होती, नगरसेवक उद्घाटनाला आले होते. पडद्यामागे थर्माकोलचं घड्याळ तयार होतं, तांबूस रंगवलेलं, एका मनोऱ्याचं. मनोरा एकच ठेवा, एवढं मात्र सुचित्राने भगवानला बजावलं होतं. मधुकर नवा झब्बा घालून माइकजवळ उभा. "आमच्या सौ.च्या आवाजात ऐकू या," असं म्हणून त्याने खूण केली. दिवे गेले. स्पीकर खरखरला.

"नमस्कार. मी सुचित्रा करंबेळकर, फ्रेंच शिकवते. हे घड्याळ फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग या गावच्या चर्चमध्ये आहे. मी तिथे जाऊन आले, पण ते चालताना मी पाहिलेलं नाही. दुपारी साडेबाराला त्यातून बारा मूर्ती बाहेर येतात. त्या वेळी मी चर्चबाहेर, बसजवळ उभी राहून कढी-खिचडी खात होते. मला जेवायला बोलावलं आणि मी गेले. बोलावणाऱ्याची माया होती. पण जायला नको होतं. आता मी सांगणार आहे ते पुस्तकातलं आहे. बघा, पहिला बलुतेदार येतोय..."

मंडपात कुणीतरी खुदकन हसलं. सुतार बाहेर आला, बाप्पापुढे थांबला, वळला, वाकला आणि पुढे गेला. नगरसेवकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांनी तेवढंच पाहिलं होतं, ऐकलं काही नव्हतं. मधुकर मात्र दगडासारखा उभा. झब्ब्याच्या वरचं बटण त्याने उगाचच काढलं, परत लावलं. मग तो मंडपामागे धावला.

"भगवान, बंद कर ते! दुसरी कॅसेट लाव, नुसतं संगीत लाव!"

भगवानची बोटं बटणांवर आणि कान स्पीकरकडे. "साहेब, बाईंच्या सबदावर बटना हायती. कॅसेट काडली तं बलुतेदार जागेवरच राहतील. दहा दिस असाच चालनार."

दहा दिवस. दर अर्ध्या तासाने एक खेळ.

मधुकर पुढे आला. प्रेक्षकांत, बायकांच्या रांगेत सुचित्रा उभी होती. लोहार गेला होता, कुंभार निघाला होता. मंडपाच्या मागच्या बाजूला प्रसादाच्या जेवणाच्या पंगती मांडल्या होत्या आणि कुणीतरी अध्यक्षांना शोधत होतं, पाहुण्यांना बसवा म्हणून. मधुकर लोकांना सारत तिच्यापर्यंत पोचला. चेहरा उतरलेला. त्याला बोलायचं बरंच काही होतं, चार लोकांत अशी अब्रू घेतलीस म्हणून, आणि कदाचित आणखीही काही. तोंडातून निघालं ते मात्र नेहमीचंच.

"सुचित्रा," तो हळूच म्हणाला, "जेवण गार होतंय."

पहिल्यांदा कोंबडा आरवला. थर्माकोलचे पंख फडफडले. अजून बरेच बलुतेदार यायचे होते आणि कोंबडा आणखी दोनदा आरवायचा होता.

"होऊ दे," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.